होडी घेतली, पण ठेवणार कोठे?

आपल्या समाजात वस्तू विकत घेण्याचा दिवस सणासारखा साजरा होतो. नवी मोटार दारात आली की तिला हार घालतात, नारळ फुटतो, शेजारीपाजारी लाडू खाऊन जातात. पुढे त्या मोटारीच्या चाकांत हवा आहे की नाही हे पाहण्यास मात्र घरात कोणास सवड नसते. देवळासाठी भारतातून मागविलेल्या हार्मोनियमच्या पेटीचेही तसेच. ती आली त्या दिवशी भाषणे झाली. आज तिचा भाता उंदरांनी खाल्ला आहे. ही सवय जमिनीवर कशीबशी खपून जाते. पाण्यावर ती खपत नाही. म्हणून या आठवड्यात आम्ही नेहमीचे विषय बाजूला ठेवून एका वेगळ्या गोष्टीवर लिहीत आहोत.

निमित्त असे घडले. आपल्यातील एक तरुण अमेरिकेत नोकरी करतो. त्याने तिकडे शिडाची एक जुनी लाकडी होडी विकत घेतली व तिचा फोटो वाक्वाला घरी पाठविला. फोटो हातोहात फिरला. एक काका म्हणाले, “कोळ्याचा धंदा करायला अमेरिकेला गेला काय हा?” सगळे हसले. आई मात्र हसली नाही. तिने एवढेच विचारले, “ती ठेवणार कोठे?” आमच्या मते त्या घरात त्या दिवशी शहाणपणाचा प्रश्न तो एकच होता. होडी नेणार कशी, ठेवणार कोठे आणि तिचा विमा कोणता, हे तीन वेगळे प्रश्न वाटतात. ते एकच आहेत, आणि त्याचे उत्तर पैसे मोजण्यापूर्वी हातात पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी काकांना उत्तर देऊ. लहान होडी ही हसण्याची वस्तू नव्हे, हे निदान आपल्या बेटाने तरी विसरू नये. १८९७ साली सप्टेंबर महिन्यात जोशुआ स्लोकम नावाचा एक अमेरिकन कप्तान एकटाच आपल्या होडीतून पोर्ट लुईला आला होता. त्याच्या होडीचे नाव ‘स्प्रे’. लांबी ३६ फूट ९ इंच. मॅसॅच्युसेट्स राज्यातील फेअरहेवन गावी एका शेतात ती कुजत पडली होती. स्लोकमने तेरा महिने खपून ती पुन्हा बांधली; सामानास खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. पोर्ट लुईच्या नाट्यगृहात त्याने व्याख्यान दिले आणि बंदराच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या होडीची डागडुजी करून दिली. जून १८९८ मध्ये तो अमेरिकेस परत पोहोचला. जगाची प्रदक्षिणा एकट्याने करणारा तो पहिला मनुष्य. पुढे १९०१ साली त्याने ती होडी हडसन नदी आणि ईरी कालव्याच्या वाटेने बफेलोच्या प्रदर्शनास नेली. मात्र त्यानंतरच्या काही वर्षांत तिची पूर्वीसारखी निगा राहिली नाही, असे तिला पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. नोव्हेंबर १९०९ मध्ये तो तीच होडी घेऊन निघाला. तो आणि होडी दोघेही पुन्हा कोणास दिसले नाहीत.

आपल्या तरुणाने घेतलेली होडी याहून पुष्कळ लहान आहे. ऱ्होड आयलंड राज्यात ब्रिस्टल नावाचे गाव आहे. तेथे नॅथॅनिएल हेरेशॉफ हा विख्यात नौकाशिल्पी होऊन गेला. अमेरिका चषकाचे रक्षण करणाऱ्या पाच नौका त्याच्या हातच्या. बझर्ड्स बे या उपसागराकाठी राहणाऱ्या लोकांना आपल्या मुलांना शीड शिकविण्यासाठी एक होडी हवी होती. त्यांच्यासाठी त्याने १९१४ साली हिचा आराखडा केला. पाण्याच्या रेषेवर ती साडेबारा फूट भरते, म्हणून तिचे नावच ‘साडेबारा’ पडले. एकूण लांबी सुमारे सोळा फूट, रुंदी सहा फुटांहून थोडी कमी, पाण्याखाली अडीच फूट. तळाच्या कण्याला तीनशे किलोंहून अधिक शिसे आहे. वारा कितीही आडवा आला तरी ती सहसा कलंडत नाही. मुलांसाठी बांधलेली होडी अशीच असावी. ब्रिस्टलच्या कारखान्यात ती १९४३ पर्यंत होत होती. म्हणजे आज हाती येणारी त्या कारखान्याची सर्वांत तरुण ‘साडेबारा’सुद्धा ऐंशी वर्षांची म्हातारी आहे. तिला सांभाळायचे तर म्हाताऱ्या माणसाप्रमाणेच सांभाळावे लागणार.

आता ती नेण्याविषयी. मॅसॅच्युसेट्समध्ये घेतलेली उघडी होडी समुद्रातून न्यू जर्सीपर्यंत नेणे हे नवशिक्याचे काम नव्हे. रस्त्यानेच नेली पाहिजे. अमेरिकेच्या मोठ्या हमरस्त्यांवर खास परवान्यावाचून १०२ इंच, म्हणजे साडेआठ फूट रुंदीपर्यंतचेच वाहन चालते. ‘साडेबारा’ त्यात सहज बसते. परंतु तीस फुटी नौका घेतली की तिची रुंदी बहुधा या मापापलीकडे जाते, आणि मग वाटेत जितकी राज्ये तितके परवाने. खरेदीदाराने किमतीकडे पाहण्याआधी रुंदीकडे पाहावे, असे आम्हास वाटते. एका फुटाचा फरक शेकडो डॉलरांचा होऊन बसतो.

होडी गाडीवर कशी बसवावी यात एक साधे तत्त्व आहे, आणि ते न कळल्यामुळे पुष्कळ चांगल्या होड्यांचे बरगडे मोडले आहेत. भार सगळा तळाच्या कण्यावर पडला पाहिजे. या कण्याला कोकणात पठाण म्हणतात. बाजूचे टेकू होडीला केवळ उभे धरण्यासाठी असतात. त्यांच्यावर वजन टाकले की जुन्या फळ्या आत दबतात. डोलकाठी काढून, गोधडीसारखे काही गुंडाळून, निराळी बांधावी. कापडी आच्छादन रस्त्यात काढून ठेवावे. ते वाऱ्याने तासन्‌तास फडफडत राहते आणि कानशीने घासावा तसा रंग घासून काढते.

स्वतःची गाडी नसेल तर वाहतूकदार पाहावा लागतो. येथे सावध राहणे जरूर आहे. फोनवर गोड बोलणारा गृहस्थ पुष्कळदा वाहतूकदार नसतोच. तो दलाल असतो, आणि होडी प्रत्यक्षात भलत्याच माणसाच्या गाडीवर चढते. अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भाड्याने माल नेणाऱ्यास केंद्राच्या वाहतूक खात्याचा क्रमांक असावा लागतो. तो क्रमांक मागून घ्यावा आणि खात्याच्या नोंदीत तपासून पाहावा. ही नोंद सर्वांना खुली आहे. आणखी एक गोष्ट पुष्कळ अमेरिकनांनाही ठाऊक नसते. घरसामान नेणारे वगळले तर इतर वाहतूकदारांकडे मालाच्या विम्याचा पुरावा मागणे केंद्र सरकारने २०११ पासून बंद केले आहे. म्हणजे “आमचा विमा आहे” या शब्दांवर विसंबून चालणार नाही. विम्याचे प्रमाणपत्र मागावे, आणि ते वाहतूकदाराकडून न घेता त्याच्या विमा कंपनीकडून थेट मागवावे.

मालाची नासधूस झाल्यास वाहतूकदार जबाबदार असतो, असा कायदा तेथे १९०६ पासून आहे. परंतु तोच कायदा त्याला लेखी कराराने आपली जबाबदारी ठराविक रकमेपुरती मर्यादित करण्याची मोकळीक देतो. ती रक्कम पावतीवर बारीक अक्षरांत असते. होडी वीस हजारांची आणि पावतीवरची जबाबदारी दोन हजारांची, असेही होऊ शकते. म्हणून चढविण्याआधी होडीचे चारी बाजूंनी फोटो घ्यावेत. उतरविताना काही मोडलेले दिसले तर ते सही करण्यापूर्वी त्याच पावतीवर लिहावे. दावा करण्यास निदान नऊ महिन्यांची मुदत देणे कायद्याने वाहतूकदारास भाग आहे. ही मुदत मोठी वाटते, पण ज्याने पावतीवर काही लिहिले नाही त्याला ती काय कामाची?

होडी घरी पोहोचली. आता त्या आईचा प्रश्न.

उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात होड्या पाण्याबाहेर काढतात. आपल्या वाचकांना हे विचित्र वाटेल. आपल्या लगूनमध्ये पिरोग बारा महिने तरंगते. परंतु आपल्या पूर्वजांना यात काहीच नवल वाटले नसते. आपल्यापैकी बहुतेकांची मुळे रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातली. तेथे आजही पावसाळा तोंडावर आला की होड्या वाळूवर ओढतात, झापांनी शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच पुन्हा दर्यात लोटतात. कोकणचा पावसाळा आणि न्यू इंग्लंडचे बर्फ यांच्या सांगण्यात फरक नाही. दर्या नको म्हणेल त्या दिवसांत होडीला घर हवे.

घर म्हणजे बंद, उबदार, कोरडी खोली असे मात्र समजू नये. येथे लाकडाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. लाकडी होडीच्या फळ्या पाण्याने फुगून एकमेकींना घट्ट भिडलेल्या असतात. त्या फार कोरड्या झाल्या की आकसतात, सांधे उघडतात, आणि वसंतात पाण्यात उतरविताच होडी चाळणीसारखी गळू लागते. एक दोन दिवस ती थोडी गळणारच. फळ्या पुन्हा पाणी पितात आणि सांधे मिटतात. पण अतिकोरड्या, तापविलेल्या खोलीत ठेवलेली होडी कायमची बिघडू शकते.

याचे मोठे उदाहरण मुंबईच्या एका होडीचे आहे. ‘सुहाली’ ही बत्तीस फुटी नौका मुंबईच्या सुतारांनी सागाच्या लाकडात बांधली. तिचा आराखडा विल्यम अॅटकिन या अमेरिकन शिल्पकाराचा. त्याच नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज १४ जून १९६८ रोजी निघाला आणि कोठेही न थांबता, एकट्याने, २२ एप्रिल १९६९ रोजी जगाची फेरी पुरी करून परतला. असे करणारा तो पहिला. मुंबईच्या सुतारांच्या हाताचे ते यश होते; आपल्या शाळांतील मुलांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. तीनशे बारा दिवस समुद्राने त्या नौकेला झोडपले, तरी ती टिकली. मग तिला मोठ्या मानाने ग्रेनिचच्या नौकासंग्रहालयात ठेवले. तेथील कोरड्या, राखलेल्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या! शेवटी २००२ साली मालकाने तिला बाहेर काढले व दुरुस्तीस घेतले. समुद्राला जे जमले नाही ते कपाटातल्या मानाने करून दाखविले असते.

तेव्हा जागा कशी असावी? वर छप्पर, खाली शक्य तर मातीची जमीन, आणि बाजूंनी वारा. मातीतून थोडा ओलावा वर येतो, तो लाकडास मानवतो. सिमेंटच्या फरशीवर लाकूड लवकर सुकते. पावसाचे पाणी मात्र आत साचू देऊ नये. खारे पाणी लाकडाचे जितके वाईट करते त्याहून अधिक वाईट गोडे पाणी करते, कारण कूज त्यातच धरते. उघड्या अंगणात ठेवणे भाग असेल तर आच्छादनाखाली हवा खेळती ठेवावी. त्या आच्छादनाच्या दोऱ्या बाजूच्या टेकूंना कधीही बांधू नयेत. वादळात कापड फुगले की ते टेकू ओढून काढते आणि होडी आडवी होते. दोन्ही बाजूंचे टेकू तळाखालून साखळीने एकमेकांस जोडलेले असावेत.

आणि जागेची उंची! ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कच्या किनाऱ्यावर आले. त्या वेळी पुष्कळ होड्या आधीच पाण्याबाहेर काढून टेकूंवर ठेवलेल्या होत्या. मालकांना वाटले, झाले आपले काम. समुद्र चढला, काठावरील अंगणात शिरला, आणि टेकूंवरच्या होड्या उचलून रस्त्यांवर, रेल्वेच्या रुळांवर, लोकांच्या घरांवर नेऊन टाकल्या. बोट-यूएस या नौकामालकांच्या संघटनेने नुकसान झालेल्या होड्यांचा अंदाज पासष्ट हजारांवर दिला आणि नुकसानीची रक्कम पासष्ट कोटी डॉलर. आम्हाला यात परके काहीच वाटत नाही. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून मोटारी कागदी होड्यांसारख्या वाहत गेल्या, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मोटार गॅरेजमध्ये होती की रस्त्यावर, हा प्रश्न तेव्हा नव्हता. ती उंचावर होती की सखल जागी, एवढाच प्रश्न होता. समुद्रकाठची गोदी सोयीची असते. दहा मैल आत, टेकडावर, एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यातली जागा बहुधा स्वस्त आणि सुरक्षित दोन्ही असते. आमचे मत गोठ्याच्या बाजूने आहे.

गोदीत ठेवायचीच असेल तर तेथील करार नीट वाचावा. केवळ जागा भाड्याने घेणे आणि होडी गोदीवाल्याच्या ताब्यात सांभाळण्यास देणे, या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात होडीचे काही झाल्यास जागेचा मालक हात झटकू शकतो. बहुतेक छापील करारांत तर तो आधीच हात झटकून बसलेला असतो! दुसरे असे की, होडीवर काम करणाऱ्याचे किंवा तिला सामान पुरविणाऱ्याचे बिल थकले तर अमेरिकन कायद्याप्रमाणे ते देणे त्या होडीवरच चढते. मालक बदलला तरी ते उतरत नाही. म्हणून जुन्या मालकाची सर्व बिले चुकती झाली आहेत असे विक्रीपत्रात लिहून घ्यावे, आणि ज्या गोदीत ती होती तेथे स्वतः जाऊन विचारावे. घर घेताना आपण हे करतोच. होडी लहान आहे म्हणून नियम लहान होत नाही.

आता विमा. आपल्या लोकांत विम्याविषयी दोनच पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो, देव राखील. दुसरा पक्ष हप्ता भरतो आणि म्हणतो, आता कंपनी राखील. आम्हाला दोघांचीही काळजी वाटते, पण दुसऱ्याची अधिक. कारण त्याला आपण सुरक्षित आहोत असे वाटत असते.

समुद्रावरील विम्याचा जुना दंडक असा की, विमा घेणाऱ्याने आपणहून सर्व काही खरे सांगितले पाहिजे. कंपनीने विचारले नाही म्हणून सांगितले नाही, हे चालत नाही. होडीला पूर्वी आग लागली होती काय, तळाची फळी कुजली आहे काय, चालविणारा नवशिका आहे काय, हे लिहावे. म्हणून प्रथम जाणकार पाहणीदाराकडून होडी तपासून घ्यावी. लाकडी नौकांचा अनुभव असलेलाच पाहणीदार निवडावा. काचतंतूच्या होड्या तपासणारा लाकडावर टकटक करून काय ऐकणार? जुन्या होडीसाठी बहुतेक कंपन्या हा अहवाल मागतातच. काही कंपन्या लाकडी होडी घेतच नाहीत, आणि हे होडी विकत घेतल्यानंतर कळणे वाईट.

अहवाल हाती आला की किमतीचा प्रश्न येतो. येथे दोन प्रकारच्या पॉलिसी असतात. एकीत किंमत आधीच ठरवून लिहिलेली असते: होडी पूर्ण गेली तर तेवढी रक्कम मिळणार. दुसरीत त्या दिवशीची बाजारकिंमत, झीज वजा करून. समजा होडी वीस हजार डॉलरला घेतली. दुसऱ्या प्रकारात कंपनीचा माणूस म्हणेल, ऐंशी वर्षांची जुनी लाकडी होडी आहे, घ्या चार हजार. त्याच्या हिशेबाने जुने म्हणजे झिजलेले. आपल्या हिशेबाने जुने म्हणजे दुर्मिळ. हा वाद नुकसान झाल्यावर घालण्यापेक्षा आधी मिटविणे बरे. म्हणून जुन्या होडीस पहिला प्रकारच घ्यावा, हप्ता थोडा जास्त पडला तरी. कूज, कीड, झीज, हळूहळू झालेली नासाडी ही मात्र कोणत्याही पॉलिसीत सहसा येत नाही. ती मालकानेच राखायची.

बाकीच्या अटींपैकी तीन विशेष वाचाव्यात. होडी कोणत्या पाण्यात न्यावी याची सीमा लिहिलेली असते. वर्षातील कोणते महिने ती पाण्याबाहेर राहील याचे वचन असते. नोव्हेंबर ते मार्च होडी काठावर ठेवीन असे लिहून दिले आणि एखादा उबदार रविवार पाहून ती पाण्यात लोटली, तर त्या रविवारी विमा घरीच राहतो. आणि नाव दिलेल्या वादळात मालकाने सोसावयाचा वाटा बहुधा नेहमीपेक्षा मोठा असतो. वाहतुकीत होडी असताना पॉलिसी लागू आहे की नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. दुसऱ्यास इजा झाल्यास किंवा बुडालेली होडी बाहेर काढावी लागल्यास त्याचा खर्च कोण देणार, हे पाहण्यास तर लोक विसरतातच. बुडालेली होडी काढण्याचा खर्च होडीच्या किमतीहून अधिक होऊ शकतो.

अटी किती कडक असतात याचा एक प्रसिद्ध खटला आहे. पेनसिल्व्हेनियातील रेडर्स रिट्रीट नावाच्या कंपनीच्या नौकेचा साडेपाच लाख डॉलरपर्यंतचा विमा होता. २०१९ साली ती नौका फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलजवळ जमिनीला लागली. विमा कंपनीने पैसे नाकारले. कारण काय? नौकेवरील आग विझविण्याची साधने वेळेवर तपासून घेतली नव्हती. आग लागलीच नव्हती! तरीही अट मोडली म्हणून पॉलिसी रद्द, असे कंपनीचे म्हणणे. पॉलिसीत न्यू यॉर्क राज्याच्या कायद्याचा उल्लेख होता. मालकास आपल्या राज्याचा कायदा हवा होता. हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले की, समुद्री करारात जो कायदा लिहिला आहे तोच सामान्यतः लागू धरावा. पैसे मिळावेत की नाही हा मूळ प्रश्न त्या निकालाने सोडविला नाही. पण कोणत्या राज्याचा कायदा, ही एक ओळ किती भारी पडते ते दिसले. पॉलिसी वाचताना लोक रक्कम पाहतात. आम्ही म्हणू, आधी ती ओळ पाहा, आणि मग आग विझविण्याच्या नळकांड्यावरची तारीख पाहा.

येथे कोणी म्हणेल, मुलगा एक दिवस ती होडी मॉरिशसला आणील, मग तिकडच्या कायद्याचे काय करायचे? आणणे अशक्य नाही. सहा फुटांहून कमी रुंदीची होडी कंटेनरच्या दारातून आत जाते. तिच्याखालचा लाकडी पाळणा मात्र कीडनाशाची प्रक्रिया झाल्याचा शिक्का असलेल्या लाकडाचाच हवा. परंतु जहाजावर माल चढला की एक फार जुना नियम लागू होतो: सर्वांना वाचविण्यासाठी जो असाधारण खर्च किंवा त्याग करावा लागतो, तो जहाज आणि सर्व मालधनी मिळून वाटून घेतात. तुमच्या मालास ओरखडाही पडला नसेल तरी तुमचा वाटा द्यावाच लागतो. २६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोर बंदरात ‘डाली’ हे जहाज पुलावर आदळले, पूल कोसळला, सहा कामगार मेले. पुढच्या महिन्यात जहाजाच्या मालकांनी हाच नियम पुकारला. ज्यांच्या मालाचा विमा होता त्यांच्यातर्फे विमा कंपनी हमी देते. ज्यांचा नव्हता त्यांना आपला माल सोडविण्यासाठी स्वतः पैसे ठेवावे लागतात. हे सर्व करूनही आमचे मत विचाराल तर होडी येथे आणू नये. आपल्या उबदार पाण्यात लाकूड पोखरणारा किडा थंड पाण्यापेक्षा जोमाने वाढतो, आणि सीडर व ओक लाकडाची म्हातारी त्याला फार दिवस पुरणार नाही. येथे शीड शिकायचे तर माहेबुर्गला पिरोगवाले आहेत. त्यांच्याकडे जावे, त्यांनाही बरे वाटेल.

आणि तिकडे ज्यांना केवळ शीड शिकायचे आहे, त्यांनी होडी घेण्याची घाई का करावी? बॉस्टनमध्ये चार्ल्स नदीवर १९४६ साली स्थापन झालेली एक सार्वजनिक नौकानयन संस्था आहे. वर्गणी भरा, संस्थेच्या होडीत बसा, संध्याकाळी ती परत बांधून घरी जा. नेणे नाही, ठेवणे नाही. दोन उन्हाळे असे काढल्यावरही ज्याला स्वतःची जुनी होडी हवीशी वाटेल, त्याला ती जरूर मिळावी.

पैसे पाठविणाऱ्या आईबापांसाठी एकच व्यवहाराची गोष्ट सांगतो. तिकडे ऑक्टोबर महिन्यात होड्यांचे भाव उतरतात, आणि मुलाचा फोन बहुधा तेव्हाच येतो: फार स्वस्तात मिळते आहे, दोन दिवसांत सांगायचे आहे. भाव उतरण्याचे कारण उघड आहे. विकणाऱ्यास हिवाळ्याचे जागेचे भाडे, उचलण्याची मजुरी, आच्छादन आणि विम्याचा हप्ता टाळावयाचा असतो. तो सर्व खर्च त्या स्वस्त किमतीबरोबर विकत मिळतो. मुलास सांगावे, आधी पाहणीदाराचा अहवाल पाठव, त्याबरोबर ठेवण्याच्या जागेचे भाडे आणि विम्याचा लेखी दर पाठव. पैसे त्यानंतर निघतील. दोन दिवसांत हे तीन कागद जमत नसतील तर ती होडी दुसऱ्या कोणास घेऊ द्यावी. पुढच्या ऑक्टोबरमध्ये दुसरी निघेल.